मशीन घ्यावं की जॉबवर्कच बरं? एक्सेल शीट बघून सांगा

शिरोलीकर

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. शेतीपंपाच्या बॉडीचं कास्टिंग फौंड्रीतून येतं, टर्निंग आमच्याकडे होतं. फेस मिलिंग, ड्रिलिंग आणि टॅपिंग मात्र बाहेर एका व्हीएमसीवाल्याकडे (व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन) जॉबवर्कला, म्हणजे नगामागे मजुरी देऊन, जातं. आता स्वतःचंच व्हीएमसी घ्यावं असं मनात आहे. शीट केली आहे, आकडे असे:

बाहेर: नगाला 85 रुपये, महिना 2,400 नग, म्हणजे 2,04,000 रुपये.

घरात: मशीन, फिक्स्चर, टूलिंग, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर मिळून 30 लाख (जीएसटीचं क्रेडिट मिळेल, म्हणून तो धरला नाही). लावणं-काढणं धरून नगाला 9 मिनिटं. दोन पाळ्या, दोन ऑपरेटर, त्यांचे 40,000. वीज नगाला 11 रुपये, म्हणजे 26,400. इन्सर्ट (कटरची बदलायची पाती), ड्रिल, टॅप नगाला 6 रुपये, म्हणजे 14,400. देखभाल आणि कूलंट 8,000. एकूण 88,800.

महिन्याला बचत 1,15,200. कर्ज 24 लाख, साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण 51,600. हप्ता जाऊन 63,600 उरतात.

मेहुणा म्हणतो, डोळे झाकून घे. वडील म्हणतात, पावसाळ्यात मशीनकडे बघत बसशील. शीटमध्ये काय राहिलंय ते जाणकारांनी सांगावं.

रुमालवाली

रुमाल टाकून (जागा धरून) ठेवते. आमच्या फराळाच्या धंद्यातही असाच एक प्रश्न आहे, नंतर लिहिते.

खटपट्या

मेहुण्याच्या खिशातून 30 लाख जाणार आहेत का? नसतील तर तूर्त वडिलांचं ऐका. :)

लेखापाल

शिरोलीकर, मांडणी स्वच्छ आहे. पण हप्ता तूर्त बाजूला ठेवा. पैसे कुठून आणायचे हा दुसरा प्रश्न. आधी मशीन स्वतःच्या जोरावर आपली किंमत वसूल करतं का ते बघा.

त्यासाठी एनपीव्ही काढा, म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य वजा आजची गुंतवणूक. मशीनचं कामाचं आयुष्य 7 वर्षं आणि तुम्हाला हवा असलेला परतावा 14 टक्के धरू. तुमच्या आकड्यांनी वर्षाची बचत 13,82,400. सात वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य होतं सुमारे 59.28 लाख. त्यातून 30 लाख वजा केले की 29.28 लाख उरतात. इतकं गोड उत्तर आलं की मी तरी गृहीतकं पुन्हा तपासतो.

एक सूचना. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन कंसातली पहिली रक्कम वर्षअखेरीची समजतं. आजचे 30 लाख कंसात घालू नका, बाहेर वेगळे वजा करा. हा घोळ मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही बघतो.

आयकर मी मुद्दाम सोडलाय. प्लांट-मशिनरीवर घटत्या किमतीने 15 टक्के घसारा मिळतो. तो आणि बचतीवरचा कर नंतर वेगळ्या ओळींत घाला. आधी कराशिवाय गणित नीट बसू दे.

पाळीप्रमुख

पंचवीस दिवस, आठ तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे 400 तास. तुमच्या 2,400 नगांना 360 तास लागतात. कागदावर बसतं, शॉपमध्ये नाही बसत. सेटिंग, टूल बदलणं, चहा, वीज जाणं, ऑपरेटरच्या घरचं लग्न, आणि कास्टिंगमध्ये वाळू निघाली की टॅप तुटतो तो वेळ वेगळाच. नव्या मशीनला 80 टक्के धरलेत तरी खूप झालं. म्हणजे 320 तास, भागिले 9 मिनिटं, महिन्याला जास्तीत जास्त 2,133 नग. त्यावरचे नग बाहेरच जाणार. शीटमध्ये ही मर्यादा कुठेच दिसत नाही.

अनघा_ठाणे

2,400 हा आकडा आला कुठून? बारा महिन्यांची सरासरी की चांगल्या महिन्याचा? शेतीपंपाला उन्हाळ्यात उठाव असतो आणि पाऊस पडला की मागणी बसते असं ऐकून आहे. वडील तेच सांगत असावेत.

शिरोलीकर

अनघाताई, बरोबर बोललात. 2,400 हा मार्च-एप्रिल डोळ्यासमोर ठेवून घेतलेला आकडा होता. चलनबुकं काढून बसलो. ढोबळ चित्र असं: फेब्रुवारी ते मे महिन्याला 2,600, ऑक्टोबर ते जानेवारी 1,500, जून ते सप्टेंबर 850. वर्षाला 19,800, सरासरी 1,650.

सरासरी घालून शीट पुन्हा चालवली. बचत महिन्याला 64,200 आणि एनपीव्ही 3.04 लाख. म्हणजे अजून अधिकच आहे. मग घ्यायला हरकत नाही ना?

लेखापाल

थांबा. सरासरी एका सेलमध्ये घालू नका. बारा महिन्यांचे बारा कॉलम करा आणि प्रत्येकात मशीनवर होणारे नग म्हणजे मागणी आणि 2,133 यांतला लहान आकडा, असं मिन फंक्शन लावा.

उन्हाळ्यात मागणी 2,600 असली तरी मशीन 2,133 वरच थांबतं. पावसाळ्यात क्षमता 2,133 असली तरी काम 850 चंच आहे. सीझनला वाया गेलेली मागणी पावसाळ्यात भरून निघत नाही. त्यामुळे मशीनवर वर्षाला होणारे नग 19,800 नाहीत, 17,932 आहेत. महिन्याची सरासरी 1,494.

आता एका नगामागे सुटतात 85 वजा 17, म्हणजे 68 रुपये. त्यातून पगार आणि देखभालीचे ठरलेले 48,000 दर महिन्याला जातात. वर्षाची बचत 6,43,376 आणि एनपीव्ही उणे 2.41 लाख. सात वर्षांनी मशीन 6 लाखांना विकलं, तर त्या 6 लाखांचं आजचं मूल्य 2.40 लाख. म्हणजे सगळं मिळून जवळपास शून्य.

तेच मशीन, तीच वर्षाची मागणी. महिने मोकळे मांडल्यावर तीन लाखांचा फायदा गेला.

पाळीप्रमुख

आणि एक्सेलचं गोल सीक (हवं ते उत्तर यायला कुठला आकडा लागेल ते उलट शोधणारी सोय) लावून बघा. विक्रीची किंमत न धरता एनपीव्ही शून्य व्हायला महिन्याला 1,563 नग मशीनवर पडायला हवेत. पडतायत 1,494. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

जुना_जाणता

मंडळी, माझं मत वेगळं आहे. आयुष्यभर धंदा केला, शीट कधी केली नाही. मशीन घेताना तीन गोष्टी बघायच्या: माणूस मिळतो का, पार्टी टिकणारी आहे का, आणि आपली मान दुसऱ्याच्या हातात किती आहे. सीझनमध्ये जॉबवर्कवाल्याने तुमचा माल मागे ठेवून दुसऱ्याचा पुढे घेतला की तुमची डिलिव्हरी बोंबलते. ते कुठल्या सेलमध्ये घालणार?

सोल्वरप्रेमी

काका, मुद्दा शंभर टक्के खरा, पण तो सेलमध्ये घालता येतो. उशिरामुळे सीझनला किती माल हातचा जातो आणि त्यात किती मार्जिन होतं, एवढंच विचारायचं. अंदाजाने लिहिलं तरी चालेल. न लिहिणं म्हणजे त्याची किंमत शून्य धरणं, आणि ती शून्य नाही हे तुम्हीच सांगताय. तुमच्यासारख्या माणसाचा अंदाज शीटमधला सगळ्यात महाग आकडा असतो. तो डोक्यात राहिला तर पोराला कधीच कळत नाही.

जुना_जाणता

हे पटलं. माझ्या पोराला तुमचा प्रतिसाद पाठवतो.

रुमालवाली

आता माझा प्रश्न. दिवाळीला फराळाचे बॉक्स करतो. एका बॉक्सचा खर्च 520, विक्री 800. दिवाळी झाल्यावर उरलेला बॉक्स 300 ला निघतो. मागच्या वर्षांवरून मागणी 600 च्या आसपास, शंभर-सव्वाशे इकडे तिकडे. किती करावेत? घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात 500, नवरा म्हणतो 750.

सोल्वरप्रेमी

हा पेपरवाल्याचा प्रश्न म्हणून गणितात प्रसिद्ध आहे: सकाळी किती पेपर उचलायचे? बॉक्स कमी पडला तर 280 चा नफा जातो. उरला तर 220 चा तोटा. 280 भागिले 500, म्हणजे 0.56. मागणी तुमच्या बॉक्सच्या संख्येत भागण्याची शक्यता 56 टक्के होईल इतके करा. मागणी 600 आणि पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) 120 धरून एक्सेलचं नॉर्म डॉट इन्व्ह फंक्शन लावलं की उत्तर 618.

खरी गंमत पुढे आहे. उरलेला माल 300 ऐवजी 450 ला काढायची सोय झाली, एखाद्या ऑफिसची भाऊबीजेनंतरची ऑर्डर वगैरे, तर तोटा 70 वर येतो आणि गुणोत्तर 0.8 होतं. मग 700 करायला हरकत नाही. तेव्हा सासूबाई विरुद्ध नवरा यापेक्षा उरलेल्या मालाचं गिऱ्हाईक शोधणं महत्त्वाचं.

रुमालवाली

618 ऐकून दोघेही नाराज झाले, म्हणजे बरोबर असावं. :) ऑफिसची कल्पना फार आवडली.

पेंडवाला

थोडं अवांतर. आम्ही पशुखाद्य करतो. मका, सरकी पेंड, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड), भाताचं पॉलिश, मळी, मिनरल मिक्स्चर. रोजचे भाव बदलतात आणि प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू ठरलेल्या मर्यादेत ठेवून क्विंटलचा खर्च कमीत कमी करायचा. हे काम एक्सेलचं सॉल्वर क्षणात करतं. सिम्प्लेक्स पद्धत निवडायची, कारण सगळी समीकरणं सरळ आहेत. 200 बदलत्या सेलपर्यंत फुकटातलं सॉल्वर चालतं, आम्हाला वीसही लागत नाहीत.

पण सॉल्वरला तुम्ही सांगितलेलंच कळतं. मळी स्वस्त असली आणि तिला वरची मर्यादा घातली नसेल तर ते भरमसाट मळी घालतं. मिक्सरमध्ये गोळे होतात आणि पोत्यात खाद्य दगडासारखं बसतं. ही मर्यादा पोषणाच्या तक्त्यात नसते, मिक्सरवरच्या माणसाला विचारावी लागते.

मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो शेवटी मिळणारा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट. प्रथिनं एक टक्का वाढवायची तर क्विंटलमागे किती रुपये वाढतील ते त्यात लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाशी भाव ठरवताना मी तोच आकडा समोर ठेवतो.

न्यूजर्सीतला_नाना

पेंडवाले, तुमचा प्रश्न म्हणजे या सगळ्या शास्त्राच्या सुरुवातीचा प्रश्न. 1945 मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी माणसाचा सगळ्यात स्वस्त पोषक आहार काढला: 77 पदार्थ, 9 पोषकद्रव्यं. अंदाजानं त्यांचं उत्तर आलं वर्षाला 39.93 डॉलर, 1939 च्या भावाने. 1947 मध्ये गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत त्यावर चालवली तेव्हा टेबलावरच्या गणनयंत्रांवर नऊ कारकुनांचे मिळून 120 मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आलं 39.69. तेच आज तुमच्या पेंडीच्या गोदामात लॅपटॉपवर होतंय, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

खटपट्या

सगळं छान. पण एक्सेलवर एवढा भरवसा ठेवू नये. 2020 च्या सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण मोजणीतून सुटले. कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. 2010 मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या मोठ्या अर्थतज्ज्ञांनी देशांच्या कर्जावर निबंध लिहिला, त्यात सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. 2013 मध्ये हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवून घेतली म्हणून कळलं.

अनघा_ठाणे

खटपट्या, त्यातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. शीट दुसऱ्याला दिली म्हणून चूक सापडली. इथेही तेच चाललंय की.

मी बँकेच्या प्रोजेक्ट फायनान्समध्ये काम करते. रोज दुसऱ्यांच्या शीट तपासते. माझा आग्रह एवढाच असतो की गृहीतकं एका पानावर, निळ्या अक्षरात. सूत्रात थेट आकडा लिहायचा नाही. आणि प्रत्येक बेरजेशेजारी एक पडताळा. शिरोलीकरांच्या शीटमध्ये मशीनवरचे नग अधिक बाहेर गेलेले नग बरोबर एकूण मागणी, हा पडताळा हवाच. तो असता तर 2,133 चा मुद्दा पहिल्याच दिवशी समोर आला असता.

शिरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पडताळ्याची ओळ घातली. डेटा टेबल लावून एकेक आकडा दहा टक्क्यांनी वाईट केला आणि एनपीव्ही किती घसरतो ते पाहिलं:

वीज महागली तर 85,000 रुपयांनी.
मागणी घटली तर 2.74 लाखांनी. मी जास्त धरलं होतं, पण सीझनचे नग दहा टक्के कमी होऊनही 2,340 राहतात, म्हणजे मशीन भरलेलंच.
जॉबवर्कचा दर कमी झाला तर 6.54 लाखांनी.

मी सगळा वेळ विजेची काळजी करत होतो.

न्यूजर्सीतला_नाना

मग उत्तर तुमच्या टेबलावर आलंच की! ज्या दरावर सगळं अवलंबून आहे तो दर ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी बोललात का? 9 मिनिटांना 85 म्हणजे तासाला 567 रुपये. त्याच्याकडे तुमचं काम सलग आलं तर तो नक्की कमी घेईल. नगाला 10 रुपये कमी केले तरी वर्षाला 1,98,000 वाचतात. सात वर्षांचं आजचं मूल्य 8.49 लाख, एक रुपया न गुंतवता. शीटमध्ये 'घ्यायचं' आणि 'नाही घ्यायचं' असे दोनच कॉलम आहेत. तिसरा करा.

पाळीप्रमुख

नानांना अनुमोदन. अजून एक. मशीन घेतलंत तरी सीझनला महिन्याचे 467 नग त्याच्याकडेच न्यावे लागणार. बारा महिन्यांचं काम काढून घेतल्यावर ऐन एप्रिलमध्ये उरलंसुरलं तो 85 ला करेल का? मी त्याच्या जागी असतो तर नसतं केलं.

उलट बाजूही मांडतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून मशीनचे वर्षाला 1,150 तास रिकामे राहतात. त्यातले निम्मे 400 रुपये तासाने बाहेरच्या कामाला दिलेत तर वीज आणि टूलिंग जाऊन तासाला 287 सुटतात. ते धरले की एनपीव्ही 7.07 लाखांनी वाढतो. तेव्हा मशीन सरसकट वाईट आहे असं नाही. रिकाम्या तासांना गिऱ्हाईक आहे का, एवढंच आधी शोधा.

लेखापाल

खेळत्या भांडवलाची ओळ विसरू नका. जॉबवर्कवाल्याला तुम्ही आज 45 दिवसांनी पैसे देत असाल. पगार आणि वीजबिल तेवढं थांबत नाही. आणि तो सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 45 दिवसांपुढे थकवलेली रक्कम तुम्हाला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून धरता येत नाही, तेही बघा.

जुना_जाणता

त्याच्याकडे बोलायला जाताना शीट घेऊन जाऊ नका. बारा महिन्यांचं वेळापत्रक घेऊन जा. कामाची खात्री दिसली की माणूस दर आपोआप सोडतो.

शिरोलीकर

काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. महिन्यावार नग लिहिलेला एकच कागद नेला. पावसाळ्यातही महिन्याला 850 नग देईन आणि पैसे 30 दिवसांत, असं सांगितलं. 75 मागितले, 77 वर जमलं. एप्रिल-मेमध्ये त्याच्या दोन मशीनपैकी एक दिवसपाळीला फक्त आमच्यासाठी, हेही कागदावर घेतलं. वर्षाला 1,58,400 वाचतील.

77 घालून मशीनचं गणित पुन्हा केलं. विक्रीची किंमत धरूनही एनपीव्ही उणे 6.16 लाख. तो शून्यावर यायला वर्षाला 500 तास बाहेरचं काम हवं. गोकुळ शिरगावच्या एका व्हॉल्व्हवाल्याने पावसाळ्यात 300 तासांचं काम देतो म्हटलंय, तेही तोंडी. त्याच्याकडून लेखी शेड्यूल आलं आणि आणखी 200 तासांची पार्टी मिळाली तरच कोटेशन पुन्हा मागवणार.

पाळीप्रमुख

व्हॉल्व्हवाल्याचा जॉब कोणता आहे? ड्रॉइंग आणि मटेरियल कळलं तर सायकल टाइम काढून देतो. स्टेनलेसचा असेल तर तासाला 287 सुटणार नाहीत, इन्सर्टचा खर्च वेगळा धरावा लागेल.

शिरोलीकर

बॉडी कास्ट आयर्नची आहे, बॉनेट स्टेनलेसचं. ड्रॉइंग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. दोन्हींच्या वेगळ्या ओळी करून ठेवतो.